हजार हातांचा हिशेब

मृग नक्षत्र लागले की जालना जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या घरी एकाच प्रश्नाची चर्चा सुरू होते : पेरणी आज उरकावी की आणखी चार दिवस थांबावे? पुरेशी ओल होईपर्यंत, म्हणजे साधारणतः ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत, पेरणी करू नये असा सल्ला कृषी विभाग दरवर्षी देतो. परंतु एकदा सरी बरसल्या की हात थांबत नाहीत. त्यानंतर पंधरा दिवस आभाळ कोरडे राहिले, तर जमिनीत टाकलेले सोयाबीन आणि सरकी मातीतच करपते. दुबार पेरणीचे बियाणे उधारीवर आणावे लागते, आणि पीककर्जाचा हप्ता त्या वर्षापुरता तरी कागदावरच राहतो. २०१२ च्या दुष्काळात याच जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. ज्यांनी पंधरा-वीस वर्षे झाडे जपली होती, त्यांना ती सरपण म्हणून तोडावी लागली.

म्हणून अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा येथील शेतकरी आज आभाळाकडे पाहतो तसाच हातातील मोबाईलकडेही पाहतो. तेथे दोन ओळींत पावसाचा अंदाज आलेला असतो. या दोन ओळी कोठून येतात? त्यांच्यामागे पुण्यात आणि दिल्लीजवळ उभी असलेली अवाढव्य यंत्रे आहेत. त्या यंत्रांमागे एक विचार आहे : एका अतिवेगवान यंत्राऐवजी साध्या वेगाच्या हजारो यंत्रांना एकाच वेळी एकाच कामाला जुंपावे. यालाच समांतर संगणन म्हणतात. या विद्येच्या घडणीत महाराष्ट्राचा आणि मराठी संशोधकांचा वाटा मोठा आहे, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नसते.

खातेवह्यांचे उदाहरण

समांतर संगणनाचे मर्म समजण्यासाठी संगणक उघडून पाहण्याची गरज नाही. संगणक येण्यापूर्वीच्या एखाद्या बँक शाखेतील सहामाही व्याज-आकारणीचे दिवस आठवावेत. समजा, बचत खात्यांच्या शंभर खातेवह्या आहेत. एकच लिपिक बसला तर त्याला शंभर तास लागतील. दहा लिपिकांत दहा-दहा वह्या वाटल्या तर काम दहा तासांत व्हावे, हे सरळ त्रैराशिक झाले.

प्रत्यक्षात ते तसे होत नाही. सर्व वह्यांच्या बेरजा एकत्र करून सर्वसाधारण खतावणीशी ताळा जमविण्याचे काम एकट्या अधिकाऱ्याचे असते; ते वाटून देता येत नाही. एकूण शंभर तासांच्या कामापैकी नव्वद तासांचे काम वाटण्याजोगे आणि दहा तासांचे न वाटण्याजोगे आहे असे धरले, तर दहा लिपिकांनिशी नऊ अधिक दहा असे एकोणीस तास लागतात. काम दहापट नव्हे, केवळ सव्वापाच पट वेगाने होते. नव्वद लिपिक लावले तर अकरा तास लागतील. हजार लिपिक बसविले तरी दहा तासांच्या खाली जाता येणार नाही. जीन अ‍ॅमडाल या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्ये मांडलेला नियम तो हाच. माणसे वाढवून वेग वाढतो; पण कामाचा जो भाग एकालाच करावा लागतो, तो अखेर सर्वांना थांबवून धरतो.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. एका खात्यात ५०० रुपये शिल्लक आहेत. एका लिपिकाने ती शिल्लक पाहून २०० रुपयांचा भरणा नोंदविण्यास घेतला. त्याच क्षणी दुसऱ्याने तीच ५०० ची शिल्लक पाहून १०० रुपयांची उचल नोंदविण्यास घेतली. पहिला ७०० लिहितो, दुसरा ४०० लिहितो. ज्याची लेखणी शेवटी टेकली त्याचाच आकडा राहतो. खरी शिल्लक ६०० असायला हवी होती, परंतु ती कोणाच्याच हातून लिहिली गेली नाही. म्हणून एकाचे काम पुरे होईपर्यंत वही दुसऱ्याच्या हाती जाऊ न देण्याची शिस्त पाळावी लागते. अनेक प्रोसेसर असलेल्या संगणकात हेच संकट क्षणाक्षणाला उभे असते आणि तेथेही हीच शिस्त बसवावी लागते. ही शिस्त जितकी कडक, तितका एकाला दुसऱ्यासाठी थांबण्यात जाणारा वेळ अधिक.

काम कसे वाटावे, कोणी कोणासाठी थांबावे आणि कोणाची नोंद कोणाकडे केव्हा पोहोचावी, हे ठरविणाऱ्या कार्यपद्धतीला समांतर अल्गोरिदम म्हणतात. प्रोसेसर आणि स्मृतिकोश यांची जोडणी कशी असावी, हे ठरविणे म्हणजे यंत्राची रचना. या दोहोंचा मेळ बसला तरच हजार हातांचा उपयोग. एरव्ही ती केवळ गर्दी.

चौसष्ट हजार माणसांचे सभागृह

हवामानाचे गणित वाटून करण्याची कल्पना संगणकाहूनही जुनी आहे. ल्युईस फ्राय रिचर्डसन हे ब्रिटिश शास्त्रज्ञ क्वेकर पंथाचे आणि शस्त्र हाती न घेण्याच्या निश्चयाचे होते. पहिल्या महायुद्धात त्यांनी फ्रान्समध्ये जखमींची वाहतूक करणाऱ्या रुग्णवाहिका दलात काम केले, आणि त्याच धामधुमीत हवेचा दाब, वारा व तापमान यांवरून पुढचे हवामान आकडेमोडीने काढण्याचा पहिला प्रयत्न केला. २० मे १९१० या दिवसाच्या जुन्या नोंदी घेऊन त्यांनी सहा तासांत दाबात होणारा बदल हाताने मोजला. उत्तर आले १४५ मिलिबार. निसर्गात सहा तासांत असा फरक संभवतच नाही. पद्धतीची दिशा योग्य होती. तथापि मूळ नोंदींतील लहान विसंगती गणितात फुगत गेली होती.

रिचर्डसन यांनी हे अपयश लपविले नाही. १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी ते जसेच्या तसे छापले आणि सोबत एक स्वप्नही मांडले. एका प्रचंड गोलाकार सभागृहाच्या भिंतींवर पृथ्वीचा नकाशा रंगविला आहे. त्यात ६४,००० गणक माणसे बसली आहेत. प्रत्येक जण आपल्या वाट्याच्या प्रदेशाचे गणित करतो आणि आलेला आकडा शेजाऱ्याला दिसेल असा लावतो. मध्यभागी उंच स्तंभावर एक सूत्रधार उभा आहे; जे पुढे धावतात त्यांच्यावर तो एका रंगाचा प्रकाश टाकतो आणि जे मागे पडतात त्यांच्यावर दुसऱ्या रंगाचा. आजच्या हवामान महासंगणकाचे कार्य याहून वेगळे नाही. पृथ्वीचे चौकटीत तुकडे, प्रत्येक तुकडा एका प्रोसेसरकडे, शेजाऱ्याशी आकड्यांची देवाणघेवाण आणि सर्वांना एका तालात ठेवणारी व्यवस्था, हे सर्व त्या स्वप्नात आलेले आहे. जेथे सैन्याशी संबंध येईल तेथून ते दूर राहिले; १९२० मध्ये ब्रिटनचा हवामान विभाग हवाई मंत्रालयाकडे गेला, तेव्हा त्यांनी त्या नोकरीचा त्याग केला.

पुण्यातील परम

भारताला या यंत्रांची गरज १९८० च्या दशकात तीव्रतेने जाणवू लागली. त्या काळी महासंगणक म्हणजे अमेरिकेतील क्रे कंपनीचे यंत्र. अण्वस्त्रे आणि क्षेपणास्त्रे यांच्या गणितासाठी त्याचा वापर होईल, या शंकेने अमेरिकेने निर्यातीवर निर्बंध ठेवले होते. अखेर एक क्रे यंत्र दिल्लीस आले, तेही केवळ हवामानाच्या कामासाठी आणि कडक अटींवर. हव्या त्या कामासाठी हवे ते यंत्र मिळणार नाही, हे स्पष्ट झाले.

त्यावेळी १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, कार्याला लागले. त्याचे नेतृत्व डॉ. विजय भटकर यांच्याकडे आले. अकोला जिल्ह्यातील मुरंबा या खेड्यात १९४६ मध्ये जन्मलेल्या भटकरांचे अभियांत्रिकी शिक्षण नागपूर, बडोदा आणि दिल्ली येथे झाले होते. तीन वर्षांत महासंगणक उभा करायचा, असे उद्दिष्ट त्यांच्यापुढे होते. क्रेसारखा एकच अतिवेगवान प्रोसेसर घडविण्याची साधने देशात नव्हती. म्हणून बाजारात मिळणारे साधे प्रोसेसर मोठ्या संख्येने एकत्र गुंफण्याचा मार्ग पत्करण्यात आला.

यासाठी निवडण्यात आला तो ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचा ट्रान्सप्यूटर. या लहानशा चिपमध्ये प्रोसेसरबरोबरच चार जोडदुवे अंगभूत होते. प्रत्येक चिप चार शेजाऱ्यांशी थेट बोलू शकत असे. ६४ ट्रान्सप्यूटरांची जोडणी असलेला परम ८००० हा संगणक १९९१ मध्ये देशापुढे आला. हीच रचना २५६ प्रोसेसरांपर्यंत वाढविता येत होती. त्याच सुमारास मुंबईत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात अनुपम ही समांतर संगणकांची मालिका आकार घेत होती, आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत फ्लोसॉल्व्हर त्याआधीच सुरू झाला होता. ज्याला नकार मिळाला त्याने पर्याय शोधला, एवढाच या कथेचा अर्थ नाही. नकाराच्या त्या काळात जो मार्ग नाइलाजाचा वाटत होता, तोच पुढे साऱ्या जगाचा राजमार्ग ठरला. आज जगातील प्रत्येक महासंगणक अनेक प्रोसेसरांचा आहे. डॉ. भटकर यांना २०१५ मध्ये पद्मभूषण देण्यात आले.

सात कपाटे, सात कारकून

दुसरे नाव नरेंद्र करमरकर यांचे. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबात जन्मलेले करमरकर १९७८ मध्ये आय.आय.टी. मुंबईतून पदवीधर झाले आणि अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथून त्यांनी डॉक्टरेट मिळविली. १९८४ मध्ये, बेल प्रयोगशाळेत असताना, त्यांनी रेषीय नियोजनाची नवी पद्धत प्रसिद्ध केली. मर्यादित माल, मर्यादित गाड्या, मर्यादित पैसा. त्यातून सर्वाधिक लाभाची किंवा किमान खर्चाची वाटणी कशी करावी, हा रेषीय नियोजनाचा विषय. जालन्याच्या मोंढ्यातील अडत्या किंवा लोखंडी सळ्यांचा कारखानदार हा प्रश्न रोज अनुभवाने सोडवितो. चलांची संख्या हजारांत गेली की अनुभव अपुरा पडतो. १९४७ पासून प्रचलित असलेली डान्टझिग यांची पद्धत संभाव्य उत्तरांच्या आकृतीच्या कडांवरून, कोपऱ्याकोपऱ्याने चालत जाते. करमरकरांची पद्धत त्या आकृतीच्या अंतर्भागातून वाट काढते.

या पद्धतीत पायऱ्या थोड्या असतात, परंतु प्रत्येक पायरीवर समीकरणांचा डोंगर सोडवावा लागतो. मूळ कंपनीने १९८८ मध्ये हे तंत्र आठ प्रोसेसरांच्या समांतर यंत्रासह बाजारात आणले. त्याची किंमत होती ८९ लाख डॉलर. समीकरणांच्या या डोंगरासाठी यंत्राची रचनाच वेगळी का असू नये, हा प्रश्न करमरकरांना पडला. १९९१ मध्ये त्यांनी सांत प्रक्षेपी भूमितीवर आधारलेली नवी समांतर रचना मांडली.

नाव भारदस्त असले तरी कल्पना कागद-पेन्सिलीने पडताळता येते. कार्यालयात सात कपाटे आहेत आणि सात कारकून. प्रत्येक नोंदीसाठी कोणत्या तरी दोन कपाटांतील कागद एकत्र लागतात. सर्व कारकुनांना सर्व किल्ल्या दिल्या तर एकोणपन्नास किल्ल्या होतील आणि गोंधळही होईल. त्याऐवजी प्रत्येकाला तीनच किल्ल्या द्याव्यात, त्या पुढीलप्रमाणे : पहिल्याला १, २, ४, दुसऱ्याला २, ३, ५, तिसऱ्याला ३, ४, ६, चौथ्याला ४, ५, ७, पाचव्याला ५, ६, १, सहाव्याला ६, ७, २, सातव्याला ७, १, ३. आता कोणतीही दोन कपाटे निवडा. त्या दोन्हींच्या किल्ल्या असलेला कारकून नेमका एकच सापडेल. दोन नाहीत आणि शून्यही नाही. सात कपाटांच्या जोड्या २१ होतात आणि सात कारकुनांकडे प्रत्येकी तीन जोड्या, म्हणजे २१ च. निवडीच्या अशा गणनेचा सर्वसाधारण नियम नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातील जैन गणिती महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथात दिला आहे, याचे येथे स्मरण होते.

कपाटाच्या जागी स्मृतिकोश आणि कारकुनाच्या जागी प्रोसेसर ठेवला की करमरकरांच्या रचनेचा गाभा समजतो. कोणते काम कोणी करायचे, हे जोडणीतूनच ठरते. त्यासाठी वेगळा वाद होत नाही. कोणावर अधिक भार नाही, कोणी रिकामा नाही आणि तारांची संख्याही आटोक्यात. मोठ्या यंत्रासाठी सातऐवजी याच जातीच्या मोठ्या संख्या घ्याव्या लागतात, नियम मात्र तोच राहतो.

एकापासून अर्कापर्यंत

पुढे पुण्यात टाटा समूहाच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने ‘एका’ हा महासंगणक उभारला. करमरकरांचाही प्रारंभीच्या काळात या संस्थेशी संबंध होता. नोव्हेंबर २००७ च्या जागतिक यादीत ‘एका’चा क्रमांक चौथा लागला. सेकंदाला सुमारे ११८ लाख कोटी गणिते करण्याची त्याची क्षमता मोजण्यात आली होती.

हवामानाच्या क्षेत्रात पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत जानेवारी २०१८ मध्ये ‘प्रत्युष’ आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ‘अर्क’ हे महासंगणक राष्ट्रार्पण झाले. अर्कची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स आहे. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतकी गणिते. हिशेब चोख ठेवायचा तर हेही नोंदवावे लागेल की ही हवामानाची मोठी यंत्रे परदेशी कंपन्यांकडून घेतलेली आहेत. त्याच दिवशी राष्ट्रार्पण झालेल्या ‘परम रुद्र’ यंत्रांचे सर्व्हर मात्र सी-डॅकने स्वतः रचलेले आहेत; त्यांपैकी एक नारायणगावजवळच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या सेवेत आहे.

या वाढत्या शक्तीचा जालन्याच्या शेतकऱ्यास उपयोग काय, ते साध्या भागाकाराने कळते. जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ७,७०० चौरस किलोमीटर. हवामानाचे गणित बारा किलोमीटरच्या चौकटीने केले, तर जिल्ह्याच्या वाट्याला ढोबळमानाने ५४ चौकटी येतात. मे २०२५ पासून सुरू झालेली भारत पूर्वानुमान प्रणाली सहा किलोमीटरच्या चौकटीने चालते. तेव्हा चौकटी सुमारे २१४ होतात. भोकरदनला पाऊस आणि मंठ्याला कडक ऊन, हा भेद टिपण्याची शक्यता त्यामुळे वाढते. चौकट निम्मी केली की चौकटींची संख्या चौपट होते, आणि काळाची पावलेही निम्मी टाकावी लागत असल्याने एकूण काम सुमारे आठपट वाढते. अधिक प्रोसेसर मिळाले की तेच काम लवकर उरकण्याऐवजी अधिक बारकाईचे काम तेवढ्याच वेळात करता येते. जॉन गुस्टाफसन यांनी १९८८ मध्ये अ‍ॅमडालच्या नियमाला दिलेले उत्तर हेच होते.

तरीही अंदाज हा अंदाजच. रिचर्डसन यांच्या हिशेबात मूळ नोंदींची लहान चूक जशी फुगली, तशी ती आजही फुगते. म्हणून शास्त्रज्ञ सुरुवातीच्या नोंदींत किंचित फरक करून एकच गणित अनेकदा चालवितात. समजा वीसपैकी सोळा वेळा पाऊस दिसला, तर शक्यता मोठी. सहा वेळाच दिसला, तर पेरणीसाठी थांबणे शहाणपणाचे. शेतकऱ्यापर्यंत ‘पाऊस येणार’ एवढेच न पोहोचता ‘किती शक्यतेने’ हेही पोहोचले पाहिजे. यंत्राची क्षमता वाढली तरी गावागावांतील पर्जन्यमापकाची नोंद खरी नसेल, तर लाखो प्रोसेसर चुकीचीच बेरीज अधिक वेगाने करतील.

आज तो अंदाज ज्या मोबाईलवर वाचला जातो, त्या मोबाईलमध्येही बहुधा आठ प्रोसेसर असतात. एकाच प्रोसेसरचा वेग वाढविताना उष्णता आवरेना, म्हणून साधारणतः २००५ पासून घरगुती संगणकांनीही अनेक प्रोसेसरांचा मार्ग धरला. पुण्यात तीस-पस्तीस वर्षांपूर्वी नाइलाजाने सुरू झालेली वाट अशी बदनापूरच्या बांधावर येऊन पोहोचली आहे. जालन्यातील एखाद्या महाविद्यालयात गणित किंवा संगणकशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला या विषयात पाऊल टाकण्यासाठी महासंगणक लागत नाही. सात कपाटे, सात कारकून आणि एक कोरा कागद पुरतो. एकत्र कुटुंबात राहिलेल्या कोणासही ठाऊक असते की माणसे वाढली म्हणून काम आपोआप हलके होत नाही. कोणी काय करावे आणि कोणी कोणासाठी थांबावे, हे ठरलेले असेल तरच होते. आणि ते ठरविण्याचे काम अजूनही माणसाचेच आहे.